जरीनामामीचा गाळा

उंबरमाळातल्या कुठल्याही बाईचा हात जरीनामामी डोळे मिटून ओळखायची. कुणाच्या अंगठ्याचा सांधा अडतो, कुणाला साबण लावल्याशिवाय बांगडी चढत नाही, कोण बांगडी चढताना ओठ चावते आणि कोण मोठ्यानं बोंब मारते, सगळं तिला पाठ होतं. गावात ज्या पोरींचे लग्नाचे चुडे तिनं भरले होते, त्यांच्या पोरींचे चुडे भरायची वेळ आता आली होती.

ती बांगड्या भरणाऱ्या मणेरांची सून. माहेर गडमुडशिंगीचं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं बांगड्यांची टोपली तिच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "ही उतरली की माझी आठवण काढ." टोपली उतरली नाही. नवरा सिकंदर सायकलीवर, पुढं एमएटी गाडीवर, आठवड्याचे बाजार करायचा आणि माल भरायला कोल्हापूरच्या शाहूपुरीत जायचा. जरीना गावात दारोदार फिरायची. सोप्यात पोतं टाकून बसायचं, समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा, बोटं दाबून दाबून मऊ करायची आणि बोलत राहायचं. बोलण्यात बाई गुंतली की बांगडी कधी चढली ते तिला कळत नसे. बांगड्या भरून झाल्या की बाई उठून वाकून नमस्कार करायची. सत्तरीची तानाबाईसुद्धा करायची. जरीना दर वेळी म्हणायची, "मला न्हवं गं आज्जी, चुड्याला," आणि तानाबाई दर वेळी म्हणायची, "चुडा काय आपल्या पायांनी चालत आला व्हय?"

नव्वद सालानंतर गाव फुगायला लागलं. हायवेच्या पलीकडं एमआयडीसी सरकत सरकत आली. फौंड्र्या उभ्या राहिल्या. कामगारांना राहायला खोल्या लागायला लागल्या, तशा गावातल्या लोकांनी गोठे पाडून ओळीनं खोल्या बांधल्या. गावाला लागून जो माळ होता, तिथं पांढरे दगड रोवले गेले, मग प्लॉट पडले, मग प्लॉटभोवती काटेरी तार आली. कोल्हापुरातला कोण वकील, कोण डॉक्टर, कोण बिद्रीच्या कारखान्यात नोकरीला असलेला माणूस, एकेकानं तुकडा घेतला आणि कुंपण घालून ठेवला. घर कधी बांधायचं ते बांधू. गाव वाढलं म्हणून सगळे खूश होते. वडाप जीप आता दारात येत होती. दोन पानपट्ट्या, एक लाँड्री आणि चक्क एक ब्यूटी पार्लर झालं होतं.

त्याच सुमाराला जरीनाचा धंदा एकदम वाढला. आधी तिला बरं वाटलं. नव्या खोल्यांत नव्या बायका आल्यात, असं तिनं धरून चाललं. पण बांगड्या मागायला येत होत्या त्या जुन्याच बायका. पूर्वी सणासुदीला बांगड्या भरणारी बाई आता पंधरा दिवसांतच "मामी, वाढवली गं एक" म्हणून हात पुढं करी. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणायचं. आणि मनगटावर ओरखडे. एकीच्या नव्हे, सगळ्यांच्या. मांजरानं ओरबाडल्यासारखे बारीक, लांब.

तानाबाईच्या सुनेचा हात मांडीवर घेऊन तिनं एकदा विचारलंच.

"काय गं, मांजर पाळलंयस काय?"

सून खाली बघायला लागली. तानाबाईनं आतनं ओरडून सांगितलं, "तारंचं मांजर हाय त्ये! माळ इकला न्हवं भाड्यांनी. आता परसाकडं जायचं तर तारंखालनं सरपटत जायाचं. अंधारात कुठं तार हाय आन् कुठं वाट, कुणाला दिसतंय?"

त्या एका वाक्यात सगळा हिशेब लागला. गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ज्या माळावर जात होत्या, तो माळ आता कुणाकुणाच्या नावावर होता. पहाटे आणि दिवेलागणीनंतर, टमरेल घेऊन, घोळक्यानं जायचं. तारा वाकवून आत घुसायचं. एमआयडीसीच्या पाळीवरून सुटलेल्या सायकली आल्या की उठून उभं राहायचं. गाव वाढलं आणि बायकांची बसायची जागा गेली. आणि त्या तारांवर जरीनाचा धंदा चालला होता. घरी येऊन तिनं टोपली खाली ठेवली आणि सिकंदरला म्हणाली, "लोकांच्या बायका तारंत अडकतात आन् आपण भाकरी खातोय."

"मग काय, उपाशी राहायचं?" सिकंदर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला भूक लागली होती.

सत्त्याण्णव सालच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. कुणाची बायको उभी करायची यावर गल्लीतले गट भांडायला लागले. प्रत्येकाला आपलीच बायको सदस्य हवी होती आणि बायकोऐवजी मीटिंगला आपण जायचं होतं. शेवटी सरपंचपदाचे दावेदार कृष्णात चौगुले वैतागून म्हणाले, "जरीनामामीला करा. तिचं कुणाशी वाकडं न्हाय आन् तिचा नवरा दिवसभर बाजारात असतोय." ती बिनविरोध आली. शालन कांबळे बौद्धवाड्याच्या राखीव जागेवरून आली. शालनचा नवरा पहिल्या मीटिंगला तिच्याबरोबर आला आणि खुर्चीत बसला. शालन त्याच्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही बसणार असला तर मी घरी जाऊन म्हैस बघते. दोघांतल्या एकानं म्हैस बघायला पायजे." तो उठला तो परत आला नाही. जरीनाला बाई तिथंच आवडली.

पहिल्याच वर्षी जरीनानं बायकांच्या संडासाचा विषय काढला. तिला वाटलं होतं भांडावं लागेल. पण सरपंच झालेले कृष्णातआण्णा लगेच तयार झाले. जवाहर योजनेचा निधी आला होता आणि वर कागद दाखवायचा होता. जागा कुठली, यावर ते म्हणाले, "चौकात. तालमीच्या समोर. गावात येणाऱ्या पावण्याला पयल्यांदा तेच दिसलं पायजे." सगळ्यांनी हात वर केले. जरीनानंही केला. काम मंजूर होतंय याचाच तिला इतका आनंद झाला होता, की दार कुठल्या बाजूला येणार हे विचारायचंही तिच्या मनात आलं नाही.

संडास झाला. पांढऱ्या फरशीचा, वर सगळ्या सदस्यांची नावं कोरलेला दगड. तालुक्याहून सभापती आले, फीत कापली, नारळ फोडला. आणि एकही बाई तिकडं फिरकली नाही.

कारण समोर तालमीचा कट्टा होता. पहाटे चारला पैलवान पोरं मेहनतीला यायची आणि घाम वाळवत कट्ट्यावर बसायची. उजाडलं की म्हाताऱ्यांची बैठक. दिवेलागणीला तर कट्ट्यावर तीळ ठेवायला जागा नसे. कुणाचा सासरा, कुणाचा भाया, कुणाचा चुलत दीर. त्या कट्ट्यावरून जाताना बायका डोक्यावरचा पदर पुढं ओढून, चपला हातात घेतल्यासारखं पाऊल न वाजवता जायच्या. त्यांनी त्याच कट्ट्यासमोर हातात टमरेल घेऊन दार उघडायचं?

"मी काय सासऱ्याला सांगून आत जाऊ? आलेच म्हणून?" एका सुनेनं विचारलं आणि सोप्यातल्या सगळ्या बायका हसल्या. जरीनाही हसली, पण हसताना तिचे कान लाल झाले. हात तिनंही वर केला होता.

पुढच्या गणपतीला तालमीच्या मंडळाच्या पोरांनी त्यात ढोल आणि मांडवाचे बांबू ठेवले. ठेवले ते ठेवलेच.

परत विषय काढला तेव्हा कृष्णातआण्णांचं म्हणणं सरळ होतं, आणि त्याला उत्तर देणं अवघड होतं. "मामी, मागितला तसा बांधून दिला. वापरत न्हाईत बायका. आता परत कशापायी बांधायचा? पंचायतीकडं शाळंमागची तेवढीच जागा उरलीया. तिथं व्यापारी गाळे काढूया. भाडं येईल, त्यातनं दिवाबत्ती भागंल, पाण्याची टाकी हुईल. गाव वाढतंय, पंचायतीला चार पैसे यायला नकोत?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आन् कोपऱ्याचा गाळा तुम्हाला. टोपली किती दिवस वागवणार? गुडघं बघा की तुमचं."

यात लाच नव्हती. आण्णांना खरंच वाटत होतं की जरीनामामीला गाळा मिळावा. गाळ्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. म्हणूनच तर ते तिच्या घशाखाली उतरलं.

सिकंदरला तिनं सांगितलं, तेव्हा उठून त्यानं अंगणातल्या नळाखाली तोंड धुतलं. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या बाजारात, उन्हात, जमिनीवर फडकं पसरून बसला होता. शटर असलेलं दुकान हे त्याचं एकच स्वप्न. आठ दिवसांत शाहूपुरीतल्या पेंटरकडून तो पाटी रंगवून घेऊन आला. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं: अर्शी बँगल्स. खाली दोन बांगड्या, एकात एक अडकलेल्या. अर्शी म्हणजे त्यांची मुलगी, कॉलेजात बी.कॉम. करत होती. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अब्बा, गाळ्याचा अजून पाया खणला नाही."

"पाया काय, खणतील की," सिकंदर म्हणाला आणि पाटी भिंतीला टेकवून तिच्यावर जुनी चादर घातली. धूळ बसू नये म्हणून.

एक मेला शाळेच्या मैदानात ग्रामसभा होती. तिच्यात गाळ्यांचा ठराव येणार होता. आधीच्या आठवड्यात तानाबाई तारेला अडकून पडली. फार काही नाही, पण मनगट सुजलं. जरीना तिच्याकडं गेली, तेव्हा म्हातारी उशाला टेकून बसली होती. सुजलेल्या हातावरच्या बांगड्या कापून काढायला लागणार होत्या. जरीनानं हात मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत तिनं या हातावर बांगड्या चढवल्या होत्या, काढायची वेळ पहिल्यांदा आली होती.

"दुसऱ्या हातातल्या ऱ्हाऊ दे," तानाबाई म्हणाली. "म्हातारा हाय अजून." मग थोड्या वेळानं, "जरीना, म्हाताऱ्याला काय सांगितलं ठाव हाय? म्हशीनं ढकललं. तारंत अडकले म्हणून सांगायची लाज वाटली बाई. या वयात."

जरीनानं बांगडी कापली, काच वेचून पदराच्या टोकात बांधली आणि घरी आली. गाळ्याचं काय ते तिचं तिथंच ठरलं. आता एवढंच शोधायचं होतं की गाव कसं वळवायचं.

त्याच संध्याकाळी तालमीतला संग्राम तिच्या दारात आला. कृष्णातआण्णांच्या विरोधी गटातला तो तरणा पोरगा. येताना पेपरवाल्याला फोन करून आला होता.

"मामी, बेस्ट आयडिया. ग्रामसभेत तुम्ही टोपली घेऊन यायचं. बांगड्यांचा आहेर करायचा सरपंचाला. भरा म्हणायचं, बांगड्या भरून घरात बसा. फोटो येतोय बघा पयल्या पानावर."

जरीना तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"संग्राम, तुझ्या आईच्या हातात काय हाय?"

"म्हंजे?"

"बांगड्या हायत. गेल्या श्रावणात मीच भरल्यात. तिच्या हातानं तू आज भाकरी खाऊन आलास. शेणात हात घालती, धारा काढती, तुझी मेहनतीची लंगोटं धुती, सगळं बांगड्या घालूनच. आन् गडी माणसाला शिवी द्यायची झाली की तुम्ही त्याच बांगड्या दावता. माझ्या टोपलीतली बांगडी शिवी म्हणून जायाची न्हाय. पेपरवाल्याला सांग, येऊ नको."

संग्राम चप्पल शोधायला लागला.

"आन् ऐक," ती मागनं म्हणाली. "संडासातले ढोल कधी काढणार?"

"कुठं ठेवायचे मग मामी? तालमीला खोलीच न्हाय."

ती परत तांदूळ निवडायला बसली. पण हात चालत नव्हता. तालमीला खोली नाही. कट्टा मात्र आहे. कट्ट्यावरून उठायला कुणी तयार नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते बघून अर्शी म्हणाली, "अम्मी, काय झालं?" जरीना म्हणाली, "काही नाही. तुझा बाप आज उपाशी राहणार."

जेवायला बसल्यावर तिनं सिकंदरला सांगितलं. गाळे होऊ देणार नाही. शाळेमागची जागा बायकांना मागणार.

सिकंदरनं तोंडातला घास खाली उतरवला. "पाटी रंगवून झालीय."

"पाटी कुठं नासतीय?"

"गावानं तुला काय दिलं गं एवढं?"

"हात दिलं," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली, सगळ्या गावच्या बायकांचं हात माझ्या मांडीवर हायत. दुकानात बसून शटर वढलं, की मला दिसणार न्हाय कुणाचा हात ओरबाडलाय त्यो."

सिकंदर ताटावरून उठला नाही. अर्धी भाकरी खाऊन, हात धुऊन, बाहेर जाऊन बसला. पुढं कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. मीठ दे. साबण संपला.

ग्रामसभेआधी जरीना घरोघर फिरली. टोपली घेऊनच. कुणाला भाषण कर म्हणाली नाही, हात वर कर म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तू नुसती येऊन बस. पोरं घेऊन ये, भाजी निवडायला घेऊन ये, पण ये." बौद्धवाड्यातनं शालन बायका घेऊन आली, खोल्यांतल्या भाडेकरू बायकाही आल्या. झेंडावंदन झालं आणि सभा सुरू झाली, तेव्हा पुरुष मागं वळून वळून बघायला लागले. मैदानाचा मागचा अर्धा भाग बायकांनी भरला होता.

कृष्णातआण्णांनी गाळ्यांचा ठराव मांडला. चांगला मांडला. टाकी, दिवे, भाडं. लोकांनी माना डोलावल्या. "कुणाला काय बोलायचं हाय?"

जरीना उठली. पदर खोचला.

"गाळे चांगलेच हायत," ती म्हणाली. "त्यातला एक मला मिळणार हाय, तवा मी वाईट कसं म्हणीन?" हशा झाला. "माझी एक साधी सूचना हाय. तिला पंचायतीचा रुपया लागायचा न्हाय. चौकातला संडास बांधून पडलाय. बायका येत न्हाईत, आण्णांचं म्हणणं बरोबर हाय. त्या येतील. एकच करायचं. रोज पहाटे उजाडस्तोवर, आन् सांजंला दिवं लागल्यापासनं जेवणं होईस्तोवर, तालमीच्या कट्ट्यावर कुणी बसायचं न्हाय. म्हातारं न्हाय, पोरगं न्हाय, पैलवान न्हाय. कट्टा मोकळा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग पुढच्या रांगेतनं केरबातात्या उठले. केरबातात्या म्हणजे तानाबाईचा म्हातारा. त्यांच्या आज्यानं तो कट्टा बांधला होता, असं ते सगळ्यांना सांगायचे.

"काय बोलतीस काय तू? माझ्या आज्यानं बांधलाय कट्टा!"

"व्हय तात्या. म्हणून तर पयलं म्हाताऱ्यांचंच नाव घेतलं."

"अगं, सांजंला कट्ट्यावर न्हाय बसायचं, तर कुठं बसायचं?"

"घरात," मागनं एका बाईचा आवाज आला. कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गलका झाला. संग्राम उठून म्हणाला, पहाटे पैलवानांनी मेहनत करून बसायचं कुठं. कुणी म्हणालं, उन्हाळ्यात घरात उकडतंय. कुणी म्हणालं, हा पुरुषांवर अन्याय हाय. कृष्णातआण्णा हसू दाबत खुर्चीत मागं रेलले होते. त्यांना डाव कळला होता. पण ते कुस्ती बघणाऱ्या गावचे होते. चांगला डाव पडताना मधे हात घालणारा माणूस त्यांच्यात नव्हता.

"माझं अनुमोदन," शालन म्हणाली.

"मग मतदान घ्या," जरीना म्हणाली. "कट्टा मोकळा ठेवायचा, त्यांनी हात वर करा."

संडास हवा म्हणून हात वर करायला सांगितलं असतं, तर त्या मैदानात एक बाई हलली नसती. समोर सासरे बसले होते. पण इथं संडासाचा प्रश्नच नव्हता. पुरुषांना कट्ट्यावरून उठवायचं होतं. मागच्या बाजूनं हात वर यायला लागले, आधी पोरींचे, मग सुनांचे, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत. तानाबाईनं तर दोन्ही हात वर केले. एक बांगड्यांचा, एक फडक्यात बांधलेला.

केरबातात्यांनी मागं वळून बायकोकडं बघितलं. त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असावं.

"म्हशीनं ढकललं म्हणालतीस न्हवं?" ते तिथनंच ओरडले.

"तारंत अडकले!" तानाबाई सगळ्या गावासमोर ओरडली. "म्हैस बिचारी दावणीला हुती!"

केरबातात्या पटका नीट करत कृष्णातआण्णांकडं वळले.

"अरं सरपंच, त्यो संडासच उचला की तिथनं! शाळंमागची जागा पडलीया न्हवं? तिथं बांधा बायकांचं काय ते. आडबाजूला हाय, चांगली जागा हाय. पर कट्ट्याला हात लावू नका."

"आन् चौकातली खोली तालमीला द्या," संग्राम घाईघाईनं म्हणाला. "ढोल ठेवायला."

"मग गाळे?" आण्णांनी विचारलं. ते बघत होते जरीनाकडं.

"गाळे हायवेला काढा की कधीतरी," केरबातात्या म्हणाले. "गाव पळून चाललंय काय?"

ठराव झाला. सभा उठल्यावर कृष्णातआण्णा तिच्याजवळ आले. "मामी, कोपऱ्याचा गाळा तुमचाच हुता."

"हुता की," ती म्हणाली. आणि टोपली उचलून घरी निघाली. रस्त्यात तिचा गुडघा दुखायला लागला. तो दुखणार हे तिला ठाऊक होतं.

बांधकामाच्या वेळी ती गवंड्याच्या डोक्यावर बसली. दार मागच्या गल्लीत. आत शिरताना आडवी भिंत, म्हणजे दार उघडं राहिलं तरी आतलं दिसू नये. पाण्याचं टाकं. बल्ब. आणि गल्लीत आत, चिंचेच्या झाडाखाली एक ओटा, म्हाताऱ्या बायकांना टेकायला. साफसफाईचा प्रश्न आला, तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा आपोआप शालनकडं गेल्या. शालननं त्या नजरा एकेक करून परत पाठवल्या. "आमच्या वाड्यातलं कुणी येणार न्हाय. पगार ठरवा, दवंडी द्या, ज्याला पायजे त्यो कुणीबी येऊ दे." पगार ठरेपर्यंत गल्लीगल्लीनं पाळी लावायचं ठरलं. पहिली पाळी जरीनानं घेतली, दुसरी सरपंचांच्या घरातल्यांनी. आण्णांच्या बायकोनं दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी फिनेल मागितलं.

फीत कापायला कुणाला बोलावलं नाही. पहाटे तानाबाई गेली. बाहेर येऊन ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "झालं बाई उद्घाटन."

जरीनाचा धंदा घटला. तारेत बांगड्या वाढायच्या थांबल्या, तसं ते होणारच होतं. पुढची निवडणूक ती लढली नाही. गाळे हायवेला निघाले, लिलाव झाला आणि ते मोठ्या बोलीवाल्यांनी घेतले. कोपऱ्यात मोबाईलचं दुकान आलं. त्या बाजूनं जाताना सिकंदर एमएटी जरा जोरात मारायचा.

फिरणं मात्र तिला झेपेना. एका दुपारी ती शाळेमागनं येत होती. गुडघा दगडासारखा झाला होता. ती चिंचेखालच्या ओट्यावर टेकली, टोपली शेजारी ठेवली. आतनं तानाबाईची सून आली, हात पुसत. "मामी, हितंच भरता काय?" तिच्या मागनं दुसरी आली. अंगणवाडीची बाई आली. खोल्यांतली एक बेळगावकडची पोरगी कन्नडमध्ये काहीतरी बोलत पुढं बसली. संध्याकाळपर्यंत जरीना तिथनं उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोतं घेऊन गेली.

गावानं आधी नाकं मुरडली. संडासाच्या गल्लीत बांगड्या? पण जरीनाला धंदा कळत होता. गावातली प्रत्येक बाई त्या चिंचेखालनं जात होती आणि एकही पुरुष जात नव्हता. सगळ्या गावात तेवढीच एक जागा होती, जिथं बाईला पदर नीट करायची गरज नव्हती. बाया तिथं बसायच्या, मोठ्यानं हसायच्या, शेंगा खायच्या. कट्ट्यावरचे म्हातारे कुरकुरायला लागले, की तिकडं बायकांनी कट्टा केलाय.

काही महिन्यांनी सिकंदर हातोडी आणि खिळे घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. काखेत चादरीत गुंडाळलेली पाटी. आत जायचं नव्हतं म्हणून त्यानं बाहेरच्या बाजूला, शाळेच्या भिंतीवर ती ठोकली. रंग आणला होता, त्यानं आत दाखवणारा बाणही काढला. काम झाल्यावर मागं सरून तो बघत राहिला.

"वाकडी झालीय," जरीना आतनं म्हणाली.

"तुला तिथनं काय दिसतंय?" तो म्हणाला. पाटी खरंच वाकडी होती. ती त्यानं सरळ केली.

पुढं स्वच्छता अभियान आलं, घराघरात संडास झाले. शाळेमागचा संडास तरी चालूच राहिला. खोल्यांतल्या बायका, बाजाराला आलेल्या बायका, स्टँडवर उतरणाऱ्या. आणि चिंचेखाली पोतं.

दोन हजार सहाच्या सुमाराला एकदा कृष्णातआण्णा नातीचा हात धरून आले. पोरीच्या पहिल्या बांगड्या भरायच्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी, पाटीखाली ते थांबले. आता सरपंच नव्हते, केस पांढरे झाले होते. आत दहाबारा बायकांचा हशा चालला होता.

"मामी!" त्यांनी बाहेरनंच हाक मारली. "आत येऊ काय?"

"न्हाय," जरीनामामी म्हणाली. "पोरीला सोडा. तुम्ही जावा, कट्ट्यावर बसा. झालं की पाठवते."

आण्णांनी पोरीचा हात सोडला आणि ते वळले. पोरगी आत धावली. जरीनामामीनं तिचा इवलासा हात मांडीवर घेतला, बोटं दाबून बघितली आणि म्हणाली, "आजोबावाणीच अडतोय हिचा अंगठा. साबण आणा गं."